एकटीच्या घरी केळीचा घड

रावेरच्या माणसाला डझन कळत नाही. म्हणजे शाळेत शिकवलेलं असतं सगळं, पण ते काचेच्या बांगड्यांना लावायचं माप. केळी डझनावर विकतात हे त्याला गाव सोडल्यावर समजतं, आणि समजलं तरी पटत नाही. लेकीच्या घरी केळी पाठवायची म्हणजे घड पाठवायचा, अख्खा, दांड्यासकट. त्यातली एखादी फणी तोडून पिशवीत घालून दिली तर बापाची काय इज्जत राहिली?

म्हणून झुलालभाऊ खांद्यावर घड घेऊन धुळ्याच्या त्या इमारतीचे तीन मजले चढून आला तेव्हा हेमांगीला नवल वाटलं नाही. दार उघडताच तिला हसू आलं.

झुलालभाऊ तिचा चुलतभाऊ. गावात पिकअप चालवायचा, आणि धुळ्याला माल उतरवायला आला की वाकडी वाट करून तिच्याकडे डोकावून जायचा.

"आबांनी सांगलंय, पिकेपर्यंत हात लावू नको म्हणावं," तो धापा टाकत म्हणाला. "आणि हे काकूनं लोणी दिलंय, घरच्या म्हशीचं. बर्फात ठेवून आणलंय बरं. अर्धा बर्फ मीच चघळला रस्त्यात."

"अरे भाऊ, एवढी केळी खाणार कोण?"

"तुम्ही."

"तुम्ही म्हणजे कोण? हे येतात महिन्यातनं दोनदा. राहिलो मी आणि ही." कडेवरची दहा महिन्यांची पूर्वा डोळे फाडून घडाकडे बघत होती.

"मग शेजारीपाजारी नाहीत का तुला?"

"आहेत ना," हेमांगी म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

घड ठेवायचा कुठे हा प्रश्नच होता. फ्रिजमध्ये तो मावणार नाही, जमिनीवर ठेवला तर खालची केळी काळी पडणार. शेवटी झुलालभाऊनं छताकडे पाहिलं. हॉलच्या मधोमध झोपाळ्यासाठी बिल्डरनं कडी ठोकून ठेवली होती, आणि झोपाळा अजून यायचाच होता. त्यानं पिकअपमधला दोर आणला, खुर्चीवर चढला आणि घड कडीला टांगून टाकला.

"या नाही, पुढच्या रविवारी परत चक्कर आहे माझी," जाताना जिन्यात उभा राहून तो म्हणाला. "यायचं असंल तर सांग. पुढं बसवून नेतो दोघींना."

तो गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला, आणि घर पुन्हा होतं तसं झालं. फक्त आता हॉलमध्ये तो हिरवागार घड लटकत होता. रावेरच्या घरात असा घड ओसरीला लागला की येणारा-जाणारा एक एक केळं तोडत जायचा. कोण कधी खातंय कुणी बघायचं नाही, आणि एक दिवस नुसता दांडा उरायचा. इथे येणारं-जाणारं कोण होतं? सकाळी दूधवाला, मग भांडी घासायला येणारी ताईबाई. दुपारी कधी तरी कुरियरवाला, तोही बहुतेक वेळा चुकून.

नवऱ्याची, हितेंद्रची, धुळ्यातली नोकरी गेली ती हा फ्लॅट घेतल्यावर वर्षभरातच. आठ महिन्यांपूर्वी गुजरातेत अंकलेश्वरला केमिकल कंपनीत काम मिळालं, पण तिथे तीन जणांत एक खोली, आणि शिफ्टची ड्यूटी. क्वार्टर मिळालं की नेतो, असं तो म्हणायचा. तो वाईट नव्हता. रोज फोन करायचा, पूर्वाला बघायचा, आणि फोनवरच झोपी जायचा. परवा मात्र तो म्हणाला होता, "हेमा, तू असं रडणार असशील तर रावेरला जाऊन राहा ना. फ्लॅट बंद ठेवू. तिथं माणसं तरी आहेत."

त्यानं मायेनंच म्हटलं होतं. पण हेमांगीला ते लागलं. माहेरी चार दिवस गेलं तर लाड होतात; चार महिने राहिलं तर गल्ली विचारते. आणि हे घर तिनं मांडलं होतं. पडदे तिनं निवडले होते, तुळस तिनं लावली होती. इथून उठून जायचं म्हणजे आपल्याला संसार पेलला नाही असं स्वतःच कबूल करण्यासारखं होतं. तिला फार काही नको होतं. या इमारतीत ज्याच्या दाराशी कारण नसताना जाता येईल, असं एक माणूस मिळालं असतं तरी ती राहिली असती. रविवारपर्यंत ठरवायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. रविवारी झुलालभाऊची गाडी होतीच.

समोरच्या दारावर पितळी अक्षरांत लखीचंदजींचं नाव होतं. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. घरात त्यांची बायको धनकुंवरकाकू, दोन मुलगे, सुना, नातवंडं. धाकटी सून विधी. ती हेमांगीच्याच वयाची असावी. शाळेच्या रिक्षेत आपल्या मुलाला, संयमला, बसवायला ती खाली उतरायची तेव्हा त्याच्याशी इतकी भांडायची, इतकी हसायची, की हेमांगी गॅलरीतून ऐकत उभी राहायची. दोघींची ओळख एवढीच, की जिन्यात भेटलं तर हसायचं. विधीचं हसू चांगलं होतं. पण आठ महिने नुसत्या हसण्यावर कसे काढायचे?

मार्च तापायला लागला होता. तीन दिवस घड हिरवाच्या हिरवा राहिला आणि मग एका सकाळी वरच्या फण्या पिवळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या. हेमांगीनं एक फणी वॉचमनला दिली, दोन ताईबाईला दिल्या, खालच्या मजल्यावर एक देऊन आली. ते लोक "अरे वा" म्हणाले आणि दार लावून घेतलं. पूर्वाला रोज एक कुस्करून भरवलं. घडाला काही फरकच पडेना. घरभर तो गोड, जड वास साचला, आणि त्या वासानं तिला रावेरची ओसरी इतकी आठवायला लागली की ती एकदा खिडकी उघडून उभी राहिली.

त्या दिवशी दुपारी पूर्वा झोपल्यावर तिनं मोबाइल काढला. पिकलेल्या केळ्यांचं काय करायचं, असं शोधता शोधता एका बाईचा व्हिडिओ लागला. पीठ, ओट्स, साखर, लोणी बोटांनी चोळून चुरा करायचा. अर्धा चुरा ट्रेमध्ये दाबून बसवायचा, त्यावर फळ पसरायचं, उरलेला चुरा वरून भुरभुरायचा आणि भाजायचं. इंग्रजी नाव होतं त्याला. हेमांगीनं मनात त्याला चुरावडी म्हटलं आणि काम सोपं झालं.

ओव्हन घरात होता. लग्नात मैत्रिणींनी दिलेला, अजून थर्माकोलसकट खोक्यात. तिनं तो पुसून ओट्यावर मांडला. केळी कुस्करून, गुळाचा खडा आणि वेलदोडा घालून कढईत आटवली, नाहीतर पाणी सुटलं असतं. लोणी पिठात घातलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. शंकरपाळ्याला मोहन चोळताना आई म्हणायची, तळहात लावू नको गं, तळहात गरम असतो, बोटांच्या टोकांनी कर. तसंच केलं. पीठ हळूहळू रवाळ झालं, मग त्याचे वाटाण्याएवढे गोळे व्हायला लागले. वर सोनेरी दिसावं म्हणून तिनं शेवटी मधाची धार सोडली.

भाजायला लागलं तसा वास घरात मावेना. दाराच्या फटीतून जिन्यात गेला असावा, कारण बेल वाजली. विधी होती, हातात भाजीची पिशवी.

"अहो, काय करताय तुम्ही? जिना चढतानाच पाय थांबले माझे. बिस्किटाचा कारखाना काढलात की काय?"

"केळीची चुरावडी," हेमांगी म्हणाली. पहिल्यांदाच कुणी तरी आपणहून दाराशी आलं होतं, आणि तिचा आवाज भलताच मोठा निघाला. "पहिल्यांदाच करतेय. जमली तर देते तुम्हाला."

"जमणारच. वास सांगतोय ना!" विधी म्हणाली. समोरून धनकुंवरकाकूंनी "बींदणी!" अशी सुनेला हाक मारली, आणि ती पळाली.

चुरावडी चांगलीच जमली. पण ही पहिली खेप, कडा जरा करपलेल्या. समोरच्यांना असं द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी हेमांगीनं सगळं नव्यानं केलं. ट्रे दोनदा घासला. तिला माहीत होतं, ते जैन लोक, काटेकोर पाळणारे. सूर्य मावळला की त्यांचं जेवण बंद. म्हणून पाचच्या आतच सगळं तयार ठेवलं. वड्या थंड झाल्यावर सरळ कापल्या, सगळ्यात देखण्या निवडून डब्यात रचल्या. साडी नेसावी असंही एकदा वाटलं. मग तिचं तिलाच हसू आलं, ड्रेसवरच ओढणी नीट घेतली, पूर्वाला कडेवर घेतलं आणि समोरची बेल वाजवली.

दार धनकुंवरकाकूंनी उघडलं. मागे विधी उभी होती, तिचे डोळे आधीच डब्याकडे.

"काकू, हे तुमच्यासाठी. आमच्या रावेरच्या केळ्यांचं आहे. अंडं नाही हां यात! कांदा-लसूण पण नाही."

"गोडात कांदा-लसूण कुठून येणार, बेटा?" काकू हसल्या. त्यांच्या मराठीला मारवाडची लय होती. "बैस ना आत."

हेमांगीला त्या हसण्यानं धीर आला. इतक्या दिवसांत कुणाशी बोललेलं नसलं की माणूस एकदम बोलतो, तशी ती बोलत सुटली. "आणि काकू, बाजारातलं बटर नाही वापरलेलं. घरच्या म्हशीचं लोणी आहे, आईनं पाठवलेलं, एकदम ताजं. सगळं तेच घातलंय. आणि वरून मध, चांगला सातपुड्यातला, पावऱ्या आदिवासींकडून आबा आणतात तो."

काकूंचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. विधीनं मान खाली घातली.

"बरं, बेटा," काकू म्हणाल्या. डबा त्यांनी घेतला, दोन्ही हातांनी. "फार मेहनत केलीस. आता आमची जेवणाची वेळ, नंतर ये हं."

दार हळूच लागलं.

हेमांगी घरी आली. त्या संध्याकाळी ती सारखी दाराकडे कान लावून होती. वडी आवडली म्हणून विधी सांगायला येईल, निदान जिन्यातून हाक मारेल. आठ वाजले, नऊ वाजले. हितेंद्रचा फोन आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं, काकू "बेटा" म्हणाल्या हे दोनदा सांगितलं.

सकाळी ताईबाई आली ती पदरानं तोंड पुसतच. हातात तोच डबा. समोरच्यांची संध्याकाळची भांडी तीच घासायची.

"ताई, हाई तुन्हा डबा ना? समोरनी मोठी बाईनी दिन्हा माले. बठ्ठं मालेच दिन्हं. गोड शे बरं, पोरेस्नी फस्त करं."

हेमांगी नळाखाली बाटली धूत होती. नळ तसाच वाहत राहिला.

"सगळंच दिलं? त्यांनी नाही खाल्लं?"

"नही ना. त्या लोकस्ले आपलं कोठे चालस?" ताईबाईनं भांड्यांचा ढीग पुढे ओढला. तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पाऊस पडला नाही म्हणावं, तसं ती म्हणाली.

हेमांगीनं नळ बंद केला. आपलं चालत नाही. म्हणजे केळं चालत नाही, की हात चालत नाही? तिनं ट्रे दोनदा घासला होता. वड्यांच्या कडा सुरीनं सारख्या केल्या होत्या. आणि काकूंनी डबा दोन्ही हातांनी घेतला होता, देवाचा प्रसाद घ्यावा तसा. नको होतं तर नको म्हणायचं. तोंडावर गोड बोलून मागच्या मागे कामवालीला देऊन टाकायचं, ही कुठली रीत?

ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. तसंही बोलायला कुणी नव्हतं, पण त्या दिवशी ते वेगळं वाटलं. पूर्वा घडाखाली रांगत गेली, गळून पडलेलं एक केळं दोन्ही हातांनी चिवडत बसली, आणि हेमांगीनं तिला तसंच चिवडू दिलं.

संध्याकाळी ती कचरा ठेवायला बाहेर आली तेव्हा विधीचंही दार उघडलं.

"अहो, हेमांगीताई, मला जरा..."

हेमांगीनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि दार लावलं. जरा जोरातच लागलं ते. आत येऊन ती दाराला पाठ टेकून उभी राहिली.  वाटलं, बेल वाजेल. वाजली नाही.

मग तिनं फोन उचलला. "आबा, रविवारी येते मी. झुलालभाऊबरोबर."

"ये की," आबा म्हणाले. "किती दिवस?"

 "बघू," एवढंच ती म्हणाली.  आबांनी विचारलं, "केळी संपली का गं?"

शनिवारी ती सामान भरायला बसली. पूर्वाची झबली, औषधं, दुपटी. तुळशीला पाणी कोण घालणार हा विचार तिनं चार वेळा ढकलला आणि पाचव्यांदा तो आलाच. दुपारचं ऊन गॅलरीतून आत येऊन फरशी तापली होती. पूर्वा नुकतीच झोपली होती. बेल वाजली.

विधी होती. हातात स्टीलची छोटी बरणी, कपाळावर घाम, आणि चेहरा रागावलेला.

"तुम्ही माझ्या तोंडावर दार लावलंत," ती म्हणाली.

हेमांगीनं दाराची कडी धरली.

"दोन दिवस झाले, मी वाट बघतेय तुम्ही कधी बाहेर येताय. गॅलरीत येत नाही, कचरा ताईबाईच्या हाती देता. काय समजलात तुम्ही आम्हाला?"

"तुम्हीच आमचं खाल्लं नाही," हेमांगी म्हणाली. "तुमच्यात आमचं चालत नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"ताईबाई."

"ताईबाई!" विधीनं कपाळावर हात मारला. "अहो, ताईबाईला काय माहीत? लोणी घातलं होतंत ना तुम्ही? आणि मध?"

"हो. घरचं. चांगलं."

"घरचं असो नाहीतर सोन्याचं असो. आमच्यात लोणी आणि मध हे मांस-दारूच्या पंगतीला बसतात. कडक पाळणारे हातसुद्धा लावत नाहीत. मम्मीजींचा तर नेमच आहे, लग्नाच्या आधीपासूनचा." विधीला आता हसू फुटायला लागलं होतं. "तुम्ही म्हणालात अंडं नाही, आणि मी मनात म्हटलं, चला, आज मजा आहे. मग तुम्ही लोणी म्हणालात. मग मध म्हणालात! मला मागं उभं राहून कळेना, हसू की रडू."

हेमांगी दाराची कडी धरून उभी होती.  "मग सांगायचं ना काकूंनी."

"कसं सांगणार? तुमचा चेहरा बघितलात तुम्ही? मम्मीजी मला म्हणाल्या, पोरगी एवढ्या हौसेनं आईचं लोणी सांगत होती, माझी जीभच रेटली नाही. त्यांनी ताईबाईला दिलं कारण अन्न टाकवेना. दोन दिवस झाले त्यांना नीट जेवण गेलेलं नाही. आज त्याच म्हणाल्या, जा, बस तिच्याजवळ." विधीनं बरणी पुढे केली. "हे आमच्या घरचं तूप. तूप चालतं. तुपात होईल का तुमची चुरावडी? मला खायचीये. त्या वासानं झोप लागेना मला."

हेमांगीनं बरणी घेतली. झाकण उघडून बघितलं. मार्चच्या त्या उन्हात तूप पाण्यासारखं पातळ झालं होतं.

"असं नाही होणार," ती हळूच म्हणाली. "पातळ तुपाचा चुरा होत नाही, नुसता लगदा होतो. फ्रिजमध्ये घालून थिजवावं लागेल. तासभर तरी."

"मग थांबते की तासभर," विधी म्हणाली आणि चपला काढून आत आली.

तूप फ्रिजमध्ये गेलं. आता करायला काहीच नव्हतं. विधी हॉलमध्ये खाली बसली, टांगलेल्या घडाखाली, आणि वर बघत राहिली. सामानाची बॅग उघडी पडली होती. तिनं ती पाहिली, पण काही विचारलं नाही. हेमांगीही बसली. इतके दिवस बोलायला माणूस हवं होतं, आणि आता समोर माणूस होतं तर काय बोलावं सुचेना.

"पंखा वाढवू का?" तिनं विचारलं.

"नको."

विधी म्हणाली, "किती शांत आहे तुमच्याकडे."

"फार शांत आहे."

"आमच्याकडे नाही. आमच्याकडे सकाळपासून विधी पाणी, विधी चावी, विधी संयमचे मोजे. माझं माहेर जळगावचं, तिथं आम्ही दोघी बहिणीच. इथं आले तेव्हा वाटलं, एवढी माणसं, मजा येईल." ती ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. "एवढ्या माणसांत दिवसभरात कुणी म्हणत नाही, विधी, बस जरा. त्या दिवशी मी तुमच्या दाराशी आले ना, भाजीची पिशवी घेऊन, तेव्हा तुम्ही आत या म्हणाला असतात तर आले असते मी. हाक आली तरी आले असते."

हेमांगीला ते दार आठवलं. आपण दारातच उभ्या राहून बोललो होतो. आत या म्हणायचं सुचलंच नव्हतं. आठ महिन्यांत ते शब्द वापरायची वेळच आली नव्हती.

"मला वाटलं, तुम्हाला कामं असतील," ती म्हणाली.

"होतीच ना. म्हणून तर यायचं होतं."

दोघी हसल्या. आतल्या खोलीत पूर्वा जागी झाली, आणि रांगत बाहेर येऊन नव्या बाईकडे एकटक बघत बसली. मग सरळ तिच्या मांडीवर चढली. विधीनं तिला उचलून घडाला हात लावू दिला.

तूप थिजलं, पण तासाऐवजी दीड तास लागला. मग विधीनं बाह्या वर केल्या. पिठात हात घालताच हेमांगी म्हणाली, "तळहात नको लावू, बोटांनी कर," आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण एकेरीवर आलो. विधीनं नुसती मान हलवली. लोण्यापेक्षा तूप हट्टी निघालं. बोटांच्या उबेनं लगेच पाघळायचं, की पुन्हा परात फ्रिजमध्ये. गॅसवर केळी गुळात रटरटत होती. मध कुणी काढलाच नाही. ट्रे ओव्हनमध्ये गेला तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

आणि दहा मिनिटांतच लाइट गेली.

"आता गं?" विधी म्हणाली.

"येईल. इथं जाते आणि येते."

दोघी गॅलरीत आल्या. खाली रस्त्यावर रसवंतीची घुंगरं वाजत होती, पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. विधी सारखी पश्चिमेकडे बघत होती. सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला, मग टाकीच्या पायांमधून दिसला. हेमांगीला तेव्हा उमगलं.

"तुझं सूर्यास्ताचं असतं ना?"

"हो. नंतर पाणीसुद्धा नाही."

हेमांगी आत जाऊन ओव्हनच्या काचेतून वाकून बघून आली. वरचा चुरा अजून पांढराच होता. तिला रडूच यायला लागलं. एवढं सगळं करून! ती ओव्हनला म्हणाली, वायरमनला म्हणाली, कुणाला कुणास ठाऊक, "पंधरा मिनिटं तरी दे रे."

लाइट आली तेव्हा टाकीमागे नुसती लाली उरली होती. ओव्हन पुन्हा घुरघुरायला लागला. चुरा रंग धरू लागला, कडेनं गूळ उकळून वर आला, आणि घरात तोच वास पसरला. विधीनं डोळे मिटून तो खोल आत घेतला.

"वास चालतो," ती म्हणाली. "वासाचा काही नेम नाही."

"सकाळी देते मी. झाकून ठेवते."

"नाही गं. फळाचं ओलं आहे, रात्र गेली की आम्हाला ते शिळं."

हेमांगीनं ट्रे ओट्यावर ठेवला. चुरावडी अगदी हवी तशी झाली होती, सोनेरी, कुरकुरीत, मधोमध केळीची काळपट रेघ. आणि ती जिच्यासाठी केली तिला चालणार नव्हती. दोघी त्या ट्रेकडे बघत उभ्या राहिल्या.

"केळी आहेत ना अजून?" विधीनं विचारलं.

"खालच्या दोन फण्या. उद्यापर्यंत टिकतील, पुढं नाही."

"मग उद्या करू. सकाळी. मी उरलेलं तूप आत्ताच ठेवून जाते तुझ्या फ्रिजमध्ये, रात्रभर थिजेल. संयमची सुट्टी आहे, त्याला पण आणते. मम्मीजींना वाटीत घालून नेते, त्यांना फार चाखायचंय, म्हणत नाहीत इतकंच." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर हॉलमधल्या उघड्या बॅगकडे गेली. "उद्या आहेस ना तू?"

समोरच्या दारातून हाक आली. विधीनं ओल्या हातांनीच पूर्वाचा गाल ओढला आणि उत्तराची वाट न बघता गेली. तिच्या चपला मात्र हेमांगीच्याच दाराशी राहिल्या.

घर पुन्हा शांत झालं. हेमांगीनं चुरावडीचा एक तुकडा कापला आणि ओट्याला टेकून एकटीच खाल्ला. गरम होता, जीभ भाजली. चांगला झाला होता. तो चांगला झालाय हे सांगायला त्या क्षणी जवळ कुणी नव्हतं, आणि हितेंद्रची शिफ्ट सुटायला अजून अवकाश होता. पूर्वाला एक कोपरा भरवला. ती तोंड मिचकावून आणखी मागायला लागली.

फोन वाजला. झुलालभाऊ.

"मी उद्या सकाळीच निघतो बघ. सामान घेऊन खाली उतरून राहा, उन्हाच्या आत पोहोचू."

"भाऊ, उद्या नको," हेमांगी म्हणाली.

"का? आबा तर वाट बघतायत."

"आबांना मी सांगते. उद्या मला काम आहे."

"रविवारी कसलं काम काढलं?"

तिनं दाराशी पडलेल्या चपलांकडे पाहिलं. 

"केळी संपवायचीत," ती म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

फोन ठेवून ती फ्रिजपाशी गेली. दार उघडून तुपाची बरणी जरा मागे सरकवली, जिथे गारवा जास्त असतो तिथे.